सही ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही

आमच्या मच्छीमार संस्थेची सही मावशींच्या गळ्यात असते. काळ्या दोऱ्यात ओवलेलं बोटाएवढं डोंगल. ते कॉम्प्युटरला लावायचं, सहा आकडी पिन टाकायची, की संस्थेने सही केली असं सरकार मानतं. मावशी संस्थेच्या अध्यक्ष. माझ्या सख्ख्या मावशी नाहीत, पण सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही.

पिनचे पहिले तीन आकडे मावशींना ठाऊक. पुढचे तीन चाचांना. चाचा जाळी विणतात, बाजारात मासळी विकतात आणि संस्था निघाली तेव्हापासून सभासद आहेत. दोघांनी आपापले आकडे एकमेकांनाही सांगितलेले नाहीत. याला कारण आहे. पूर्वीच्या एका सचिवाने एकट्याने सही करून गावचा तलाव ठेकेदाराला देऊन टाकला होता आणि आमच्या लोकांनी तो हंगाम स्वतःच्याच तलावावर रोजाने काढला. तेव्हापासून नियम पडला: सही सगळ्या सभासदांसमोर होईल आणि पिन एकाच डोक्यात राहणार नाही.

मला हा नियम फार आवडतो. मी पत्रकांत वाढले. वडील चळवळीतले. घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे, माझ्या वह्यांना पत्रकांचीच कव्हरं. अक्षरं गिरवली तीही त्यांच्या कोऱ्या पाठीवर. वडील सांगायचे, पत्रकात तीन गोष्टी पाहिजेत: कोण बोलतंय, कुणाला बोलतंय आणि काय मागतंय. बाकी सगळी शाई वाया. तेव्हा सही म्हणजे काय आणि ती कुणाच्या हाती असावी, हे मला शाळेच्या आधी कळलं होतं.

तलावाचा ठेका पुढे चालू ठेवण्यासाठी अर्ज फक्त वेबसाइटवरच करायचा होता. शेवटच्या दिवशी सगळे सभासद समाजमंदिरात बसले, मी माझा लॅपटॉप उघडला. शेवटचा दिवस का, तर आधीचे दिवस साइट बंदच होती.

मागच्या वेळी हेच काम जुन्या ब्राउझरवर झालं होतं. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून साइट बघायची ती. तो जुना ब्राउझर बनवणाऱ्यांनीच बंद केला. आता त्याच्यावर टिचकी मारली तरी नवाच उघडतो. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. जुना हळू होता, धोक्याचाही होता. पण ज्यांनी आमच्या अर्जाची साइट त्या एकाच ब्राउझरच्या मापाने शिवली होती, त्यांनी ती बदलायची तसदी घेतली नव्हती.

सगळं भरून झालं. कागद चढले. शेवटी ‘डिजिटल सही करा’ असं बटण. मी ते दाबलं आणि काहीच झालं नाही. पिन विचारणारी चौकट यायला हवी होती, तिथे एक पांढरा कोरा डबा आला आणि तसाच राहिला.

“झालं?” मावशींनी विचारलं.

“न्हाई. थांबा.”

“काहून? डोंगल तर बराबर लावलं.”

मी पान पुन्हा उघडलं. साठलेली माहिती पुसली. पॉप-अप अडवले जात होते, ते मोकळे केले. साइटला लागणारं जुनं सॉफ्टवेअर शोधून टाकलं. मग दुसरा ब्राउझर घेतला, त्यात वरचा मेनूच गायब. तिसऱ्यात मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले, आणि खाली एक ओळ मात्र नीट वाचता आली: आपला ब्राउझर समर्थित नाही.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. चाचा हसले. “म्हंजे आमीच त्याला पसंद न्हाई.”

मला हसू येत नव्हतं. बस चुकली तर दुसरी बस असते. रस्ता वाहून गेला तर माणूस बांधावरून चालत जातो. इथे सरकारने एकच दार ठेवलं होतं आणि त्याला बाजारातून उठलेल्या कुलपाची किल्ली मागत होतं. शिवाय भाषा अशी की चूक आमची. समर्थित नाही तो आपला ब्राउझर. साइट कुणाला समर्थन देत नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हेल्पलाइनला फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर एक तरुण आवाज आला. “मॅडम, आप पुराना ब्राउझर यूज कीजिए.”

“वो बंद हो गया है.”

“तो पुराना कंप्यूटर लीजिए.”

“कहाँ से लूँ?”

“एक काम कीजिए, पिन बताइए और रिमोट दे दीजिए, मैं यहाँ से कर देता हूँ.”

फोन स्पीकरवर होता. मावशी पुढे वाकल्या. “कोन हाय हे लेकरू? याला आपला पिन काहून पाहिजे?”

मी फोन ठेवला. एक सभासद म्हणाला, हिंगोलीत ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका सेंटरवर जुनं मशीन आहे, तिथे होतं म्हणतात. मी म्हटलं मावशी आणि चाचा चला, बाकीच्यांनी घरी जावं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोललेच नाही. सही सगळ्यांसमोर म्हणजे सगळ्यांसमोर. मासळी नेणारा टेम्पो काढला. बर्फाच्या ओल्या खोक्यांवर पोतं टाकून आम्ही सगळे हिंगोलीला निघालो. माझ्या मांडीवर लॅपटॉप, मावशींचा हात गळ्यातल्या डोंगलवर.

सेंटर म्हणजे दोन टेबलांचं दुकान. मागच्या टेबलावर ते मशीन. सेंटरवाल्याने त्याचं इंटरनेटवरून होणारं अपडेट कधीचं बंद करून ठेवलं होतं, म्हणून त्याच्यावर जुना ब्राउझर जिवंत होता. आमच्याकडे न बघताच त्याने हात पुढे केला.

“डोंगल ठेवा. चिठ्ठीवर पिन लिहा. करून ठेवतो, उद्या न्या.”

“आज शेवटचा दिवस हाय,” मावशी म्हणाल्या. “आमच्यासमोर कर.”

“मावशी, नंबर लागलेत. सगळ्या संस्था ठेवून जातात. तुमीच काय नवीन हाव का?”

त्याने ड्रॉवर ओढला. आत डोंगलंच डोंगलं. प्रत्येकाला चिकटपट्टीने एक कागद लावलेला. त्यावर संस्थेचं नाव आणि खाली पिन. लोकांच्या सह्या, सुपारीच्या डब्यात सुपाऱ्या असाव्यात तशा. आणि शेजारच्या स्टुलावर ठेकेदाराचा माणूस चहा पीत बसलेला. हाच माणूस त्या हंगामात आमच्या तलावावर हजेरी घ्यायला असायचा. त्याने मावशींना ओळखलं आणि रामराम केला.

त्या क्षणी मला जे कळलं, त्याने माझ्या अंगाचा भडका उडाला. मी दिवसभर याला तांत्रिक अडचण म्हणत होते. इथे तर बटण चालत नाही म्हणून आख्ख्या परिसरातल्या संस्था आपली सही एका ड्रॉवरमध्ये आणून ठेवत होत्या, आणि ज्याच्यापासून ती राखायची तो त्या ड्रॉवरपासून हातभर अंतरावर चहा पीत होता. कुणी चोरी केली नव्हती. चोरी करायची गरजच उरली नव्हती. सेंटरवाल्यावरही मला राग धरता येईना. लोक आणून देत होते, तो ठेवून घेत होता.

“चिठ्ठी देऊ का?” त्याने चाचांना विचारलं.

“मैं मेरे आधे नंबर घरवाली को नै बोल्या,” चाचा म्हणाले, “तेरेको कायकू बोलूं?”

सभासद हसले. सेंटरवाला वैतागला. “मग बसा वाट बघत. तुमचा नंबर पाचनंतर.” अर्जाची वेळ पाचपर्यंतच होती.

आम्ही दुकानाच्या पायऱ्यांवर बसलो. मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि मी पुन्हा लॅपटॉप उघडला. रागाचा एक उपयोग होतो: माणूस सोडून देत नाही. नव्या ब्राउझरच्या सेटिंगमधला एकेक कप्पा उघडत गेले. अगदी आत, जिथे कुणी कशाला जाईल, तिथे एक सोय सापडली: ठरावीक पानं जुन्या पद्धतीने उघडू द्यावीत का? नव्याच्या पोटात जुना जिवंत ठेवला होता आणि सांगितलं मात्र कुणीच नव्हतं. मी साइटचा पत्ता तिथे घातला, ब्राउझर बंद करून उघडला, सगळं पुन्हा भरलं, बटण दाबलं.

पांढरा डबा.

“राहू दे पोरी,” मागून कुणीतरी म्हणालं. “ठिवू डोंगल. बाकीचे ठिवतेतच की.”

मावशी वळल्या नाहीत. “तू कर,” एवढंच मला म्हणाल्या.

मग लक्षात आलं. मी पत्ता पहिल्या पानाचा घातला होता. सहीचं पान वेगळ्याच पत्त्यावर उघडत होतं. त्याचा पत्ता जसाच्या तसा उचलून त्या यादीत घातला. परत सगळं. बटण दाबलं आणि चौकट आली: पिन टाका.

पुढचं मी बघितलं नाही, कारण बघायचं नसतं. आम्ही सगळ्यांनी माना रस्त्याकडे वळवल्या. मावशींनी पदराआड तीन आकडे दाबले. मग चाचांनी टोपीचा आडोसा करून तीन. “झालं,” दोघं एकदम म्हणाले, तेव्हा आम्ही माना फिरवल्या. पोचक्रमांक आला होता. मावशींनी तो प्रत्येकाला वाचायला लावला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवला.

त्याच यादीत पत्त्यासमोर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही सोय महिनाभरच. महिन्याने पत्ता आपोआप निघून जाईल.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. सगळ्या संस्थांसाठी. जुन्या पद्धतीने पान कसं उघडायचं, कोणते दोन पत्ते घालायचे, महिन्याने पुन्हा काय करायचं, अगदी सोप्या भाषेत. वर मथळा: आपली सही ड्रॉवरमध्ये ठेवू नका. वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, उलटून मागची बाजू बघितली.

“मागणी कुठंय?”

“ही माहिती आहे. लोकांना उपयोगी पडेल.”

“पडंल की. पण साइट दुरुस्त करायचं काम ज्याचं, त्याचं काम तू केलंस आन् वरून लोकायला शिकवून राहिलीस. तो का दुरुस्त करील मग?”

मी रात्रभर त्यांच्यावर चिडून होते आणि सकाळी मागणी लिहिली. साइट कोणत्याही ब्राउझरवर आणि मोबाइलवर चालली पाहिजे. चालत नाही तोवर कागदावरचा अर्ज ऑफिसने घ्यावा आणि पोच द्यावी.

ठेका मंजूर झाला. करारनाम्यावर सही करायची वेळ आली तेव्हा महिना उलटून गेला होता. मी लॅपटॉप उघडायला लागले तर मावशींनी झाकण खाली लोटलं.

“तू करशील गं. उद्या तू नोकरीला गेलीस, मंग?”

“मी शिकवते ना तुमाला.”

“मला शिकायचं न्हाई. ज्याची साइट हाय त्यानं करून दाखवावं.”

म्हणून आम्ही सगळे, करारनामा आणि पत्रकं घेऊन, मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी पत्रक वाचलं, बाजूला ठेवलं. “साइट आमची नाही. वरून येते.”

“मंग वरचीच दाखवा तुमच्या मशीनवर,” मावशी म्हणाल्या आणि गळ्यातलं डोंगल काढून टेबलावर ठेवलं. हात मात्र त्यावरच.

साहेबांनी आमच्यासमोर साइट उघडली. मावशींनी डोंगल लावलं. साहेबांनी बटण दाबलं. पांढरा डबा आला. त्यांनी पुन्हा दाबलं, जोरात, जोर लावल्याने फरक पडत असल्यासारखं. मग कारकुनाला हाक मारली. “आपली मंजुरी कशी जाते रे?”

कारकुनाने आमच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. “सर, तुमचं डोंगल सेंटरवरच असतंय ना. त्या ड्रॉवरमध्ये.”

मला त्या दिवशी पायऱ्यांवर आला होता त्याहून थंड राग आला. आमचा ठेका मंजूर करणारी सही, ठेकेदाराचा नामंजूर करणारी सही, चिकटपट्टीवर पिन लावून त्याच स्टुलाशेजारी पडली होती, आणि साहेबांना आजवर ते विचारावंसंही वाटलं नव्हतं.

“तुमची बी तिथंच?” चाचांनी अगदी हळू विचारलं.

साहेब म्हणाले, करारनामा कागदावर ठेवून जा, बघतो. मावशी म्हणाल्या, पोच द्या. त्यांनी शिक्का मारला. मावशी उठल्या नाहीत.

“आता काय?”

“तुमच्या मशीनवर बी साइट चालली न्हाई, हे ल्ह्या खाली.”

“ते कसं लिहिणार मी?”

“जसं झालं तसं. आमी सगळ्यायनी बघितलं.”

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. आमचे सभासद फरशीवर मांडी घालून बसले होते, काही जण दारात. मावशींनी डोंगल पुन्हा गळ्यात घातलं, पदर सारखा केला आणि साहेबांचं पेन त्यांच्या बाजूला सरकवलं. मी पत्रकांचा गठ्ठा सोडला आणि व्हरांड्यात ताटकळलेल्या दुसऱ्या संस्थांच्या लोकांना वाटायला लागले. परत आत आले तेव्हा साहेब लिहीत होते.