पाईकरावांची शेवटची थाळी

सोनूबाई नातवाला सांभाळायला कॅनडाला राहिल्या आणि इकडे त्यांच्या नवऱ्याने दुसरीकडे सूत जमवलं, ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये मीच पसरवली. पुरावा होता ना माझ्याकडे. माझी आणि दादू पाईकरावांची भिंत एक. पलीकडे फोन वाजला की माझ्या ओट्यापाशी ऐकू येतो. एरवी मुका असलेला तो फोन मधेच एखाद्या संध्याकाळी वाजायचा, आणि लगेच दादूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, थर्मास घेऊन खाली उतरायचे. आता सत्तरीला टेकलेला माणूस चहा घेऊन कोणाला भेटायला जातो, सांगा.

तसा माणूस गरीब. आयुष्यभर लोकांच्या घरचे वीजमीटर वाचले. घाटकोपरच्या चाळींपासून मुलुंडच्या बंगल्यांपर्यंत ‘मीटर’ एवढी हाक मारली की दारं उघडायची. कोणाकडे भांडण पेटलेलं, कोणाकडे आमटी उकळतेय; कोणी पाणी द्यायचं, कोणी बिल वाढल्याची शिवी. सगळ्यांच्या घरात काय शिजतंय हे माझ्याखालोखाल त्यांनाच ठाऊक. ते निवृत्त झाले आणि आता तर नवे मीटर आपले आपणच आकडे पाठवतात. लेक संघमित्राला मूल झालं तेव्हा दोघंही तिकडे गेले. थंडीने गुडघे धरले म्हणून हे परतले. सोनूबाई राहिल्या, तेवढ्यात दुसरं बाळ झालं. आता रविवारी व्हिडिओ कॉल होतो, त्यातही निम्मा वेळ बाळाचं नुसतं कपाळ दिसतं, असं तेच सांगतात.

मी जिन्यात अडवून विचारलं, कुठे चाललात एवढे नटून? म्हणाले, बागेत, थाळ्या फेकायला. याला काय उत्तर म्हणायचं? एका संध्याकाळी मी मागे गेले.

डोंगराच्या पायथ्याला आमची बाग आहे, तिच्या मागच्या झाडीत कुठल्याशा कंपनीतल्या पोरांनी परवानगी काढून लोखंडी टोपल्या उभ्या केल्यात. वर साखळ्या लोंबतात. लांबून प्लास्टिकची चपटी थाळी भिरकवायची, झाडं चुकवत न्यायची आणि कमीत कमी फेकीत टोपलीत पाडायची. डिस्क गोल्फ म्हणतात. पोरं चार रविवार आली आणि कंटाळली. आता टोपल्यांत वेफर्सची पाकिटं असतात. दादूभाऊ आधी ती काढत होते, मग खेळत होते. एकटेच.

मी शिरीषाच्या झाडामागे लपले. झाड बारीक होतं, मी नाही, पण त्यांचं लक्ष कुठे होतं? थाळी फेकली की ते बाजूला सरकायचे आणि जरा थांबायचे. पहिल्यांदा वाटलं दम लागला. मग कळलं, ते दुसऱ्याची पाळी सोडत होते. दुसरं कोणी नव्हतं. सागाच्या खोडावर थाळी ठाणकन आपटली तेव्हा तर ओशाळं हसून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि हसू तसंच मिटवून पुढे गेले.

शेवटच्या टोपलीत साखळ्या खळखळल्या. थाळी काढून त्यांनी रुमालाने पुसली, इकडेतिकडे बघितलं आणि चालायच्या वाटेला लागून असलेल्या जांभळाच्या मुळावर ती नीट पालथी ठेवली. आणि घरी निघून गेले.

खूण, म्हटलं मी. आता येईल ती बाई. पण आले ते धावणारे, कानात बोंडं घातलेले, कुत्रे फिरवणारे. एका कुत्र्याने हुंगलं. कोणी वाकलं नाही. दिवे लागायला आले तेव्हा मीच उचलली. नारिंगी थाळी, तळावर मार्करने टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं: दादू पाईकराव, मोबाईल नंबर, सापडल्यास कृपया फोन करा.

मला राहवतंय थोडंच. घसा खरवडून जाडा आवाज काढला आणि लावला फोन.

“जयभीम, पाईकराव बोलतोय. कोण?”

म्हटलं, तुमची थाळी सापडलीय, जांभळाखाली बसलोय.

“बरं झालं बघा, कधीची शोधतोय. थांबा तिथेच, आलोच मी.”

आले. इस्त्रीचा शर्ट, भांग, थर्मास, दोन कप. मला बघून दचकतील म्हणून मी तोंड भरून हसायच्या तयारीत होते, तर ते शांतपणे शेजारी बसले आणि चहा ओतायला लागले.

“फोनवर तुझं नाव आलं होतं, हेमांगी.”

माझा सगळा जाडा आवाज वाया. “मग कोण म्हणून कशाला विचारलंत?”

“विचारायचं असतं.”

चहा पिताना हळूहळू बोलले. कॅनडात म्हणे सगळे खेळाडू थाळीखाली नाव-नंबर लिहितात, झाडीत हरवली की सापडणारा फोन करतो. जावयाबरोबर खेळताना यांची एक हरवली, तर एक म्हातारा गोरा ती घेऊन थेट घरी आला. इंग्रजी यांना झेपेना, मराठी त्याला. तरी तासभर बसला, चहा प्याला. तिकडे राहिले तेवढ्या दिवसांत दारात येऊन यांचं नाव घेऊन विचारणारा तो एकच माणूस. येताना जावयाने सहा थाळ्या दिल्या. इथे पहिली खरंच हरवली आणि निमेश नावाच्या गुजराती गृहस्थाचा फोन आला; त्याने आपल्या डायबिटीसची सगळी कथा सांगितली. मग दादूभाऊ मुद्दाम हरवायला लागले. दोन-चारदा फोन आले. मग माणसं थाळ्या उचलून न्यायला लागली, फोन काही येईना. एक बागेबाहेरच्या पाणीपुरीवाल्याच्या मडक्यावर झाकण होऊन बसलीय. ही शेवटची.

“मग आता सांभाळा ना,” मी म्हटलं.

“सांभाळून काय करू? घरात ठेवली तर फोन कोण करणार?”

“मी केला की.”

“तू शेजारीण. तुझं धरत नाही.”

उठताना त्यांनी थाळी पुन्हा पुसली आणि मुळावर ठेवली, नंबर वर. मला टोमणा सुचला होता, पण मारला नाही. दोघं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर थाळी नव्हती. त्या दिवसापासून मी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा वैतागून ऐकायला लागले. मधे फोन वाजून गेला तर? नाही वाजला. दादूभाऊंचं खाली उतरणं बंद झालं. थाळीच नाही तर बागेत जाऊन करणार काय? भिंतीपलीकडे टीव्हीही लागेना. सुताची बातमी मी बिल्डिंगमधून मागे घेतली, पण ती अशी थोडीच मागे येते.

शनिवारी संध्याकाळी भाकरी थापता थापता तशाच हाताने फोन लावला. भिंतीतून वाजलेला ऐकला. बराच वाजला.

“जयभीम, पाईकराव बोलतोय. कोण?” आवाज एका कानात फोनमधून आला, दुसऱ्यात भिंतीतून.

“तुमची थाळी सापडली.”

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली.

“कुठे थांबलात तुम्ही?”

“तुमच्या दाराशी येतेय. थाळी नाहीये हातात.”

“थांबा तिथेच,” ते म्हणाले. “आलोच मी.”

मी पिठाच्या हातानेच दारापुढे जाऊन उभी राहिले. दार उघडायला वेळ लागला. आत कपाट करकरलं, मग हँगर वाजला. शर्ट बदलत होते.