रंग उडालेला हिरवा पतंग

"बारशाची घाई कुणाला आहे?" असं म्हणून बाई हातातलं पेन खाली ठेवायच्या.

नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचं सामान मी सांभाळते. माझा नियम साधा: वस्तू तिथे चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. बाई आमच्याकडे शिकवत, आणि नव्वदच्या दशकात त्यांचा पतंगांचा एक ट्रे वर्षानुवर्षं बिननावाचा पडून होता. आमचं जमणं कठीणच होतं.

पावसाळ्यात दर रविवारी त्या पहिल्या गाडीने इगतपुरीला जात. रात्री दिव्यावर आलेले पतंग सकाळी स्टेशनच्या भिंतींवर बसून असतात. चिमण्यांची न्याहारी व्हायच्या आत पोचायचं. ट्रेमधला तो पतंग तुम्हीही पाहिला असेल: पंख भिंतीला सपाट चिकटवलेला, कैरीच्या सालीसारखा हिरवा. त्याची अळी वीत टाकत चालते. बाईंना तो सापडे, पण दरवेळी मादीच. जवळच्या जातींच्या माद्या सारख्याच दिसतात; पिसासारख्या मिशांचा नर मिळाल्याशिवाय जात ठरवायची नाही, हा त्यांचा हट्ट.

एकदा तपासणी समिती येणार होती. आखडलेले पंख सरळ करायला विभागप्रमुखांनी ट्रेमधला एक पतंग ओल्या कापसाच्या डब्यात ठेवला. ओलीने हिरवा रंग उडाला, पतंग पेंढ्यासारखा पिवळट झाला. सरांनी पुस्तकातून तसाच पिवळट पतंग शोधला, नाव लिहिलं आणि चिठ्ठी पुढे केली.

"मॅडम, सही करा."

"हा हिरवा आहे, सर."

"आता कुठे हिरवा आहे?"

"माझी साडी धुण्यात विटली, तर ती शेजारणीची होते का?"

"तुमचं प्रमोशन याच समितीच्या हातात आहे."

"असू दे. सही नाही."

समितीने विचारलं, "याला नाव का नाही?" बाई म्हणाल्या, "नर मिळालेला नाही." शेरा आला: वर्गीकरणाचं काम अपूर्ण. प्रमोशन गेलं. बाईंनी तो शेरा मला मोठ्याने वाचायला लावला.

"बरोबर लिहिलंय की हो! अपूर्णच आहे." आणि सगळ्या विभागाला चहा पाजला. सरांनाही.

त्या होत्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या, काही वर्षांनी वारल्या. परवा नवे प्रमुख ट्रेपाशी थांबले. "काहीतरी नाव टाकून द्या हो, बरं दिसत नाही."

"बारशाची घाई कुणाला आहे, सर?" मी म्हटलं.

ट्रेवरची चिठ्ठी अजून बाईंच्याच अक्षरातली आहे: 'हिरवा. नर शोधायचा आहे.' शोधायचा आहे, म्हणजे कुणीतरी जायला हवं. पावसाळ्यात रविवारची पहिली गाडी आता मी पकडते.