फार्मासिस्ट बाहेर गेले आहेत

मोघे काका गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. मी चार दिवस आईकडे यवतमाळला होतो आणि काकूंचा फोन माझ्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात राहिला होता. परत आलो त्या सकाळी बिबवेवाडीच्या चौकात रिक्षा थांबली, आणि समोर काका... एका भावी नगरसेवकाच्या खांद्याएवढे. खाली ‘औषधमहर्षी’ असं लिहिलं होतं. काकांना हा शब्द दाखवला असता तर त्यांनी कुठल्या कंपनीचा आहे, एवढंच विचारलं असतं. त्यांचं एक मेडिकलचं दुकान होतं आणि ते त्यात बसत. याहून मोठं काही केल्याचा त्यांचा दावा नव्हता.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आलो. आयटीचे दिवस होते. आमच्या गावची निम्मी मुलं कॉम्प्युटरला गेली आणि उरलेली, ‘फार्मसीला स्कोप आहे’ असं कुणीतरी सांगितल्यामुळे, फार्मसीला. तो सांगणारा पुढे मला कधी सापडला नाही. कॉलेज वाघोलीला, खाजगी. फी वडिलांच्या शाळेतल्या कारकुनीच्या पगारात बसणारी नव्हती. शैक्षणिक कर्जाला नियमाप्रमाणे जामीनदार लागत नव्हता, पण मॅनेजरसाहेबांना लागत होता, आणि तोही पुण्यातला. पुण्यात मी ओळखत होतो एकाच माणसाला, ज्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी तीन आठवडे राहत होतो त्यांना. काकांनी अर्जाची सगळी पानं वाचली, बारीक अक्षरातलीसुद्धा. मग चष्मा काढून विचारलं, “यवतमाळकर, पळून जाणार आहेस का?”

“नाही.”

“मग कुठे सही करू ते दाखव.”

फार्मासिस्ट हजर नसताना दुकानातून औषध विकू नये, असा कायदा आहे. तो पाळणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. काका जेवायला वर गेले किंवा पाच मिनिटं पोस्टात गेले, तरी काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी उभी राहायची : ‘फार्मासिस्ट बाहेर गेले आहेत. औषध मिळणार नाही.’ मदतीला सुनीताबाई होत्या. कुठली गोळी कुठल्या खणात आहे ते त्यांना पाठ होतं, पण तेवढ्या वेळात त्या फक्त साबण आणि टूथपेस्ट विकत. एकदा एक गृहस्थ चिडून म्हणाले, “अहो बाई, डोकेदुखीची साधी गोळी तर हवीये.” सुनीताबाई म्हणाल्या, “मग थांबा की. आल्यावर साधीच देतील.” लोक याला पुणेरी तऱ्हा म्हणत. मीही म्हणायचो.

पदवी मिळाली, फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचं सर्टिफिकेट आलं, एका औषध कंपनीत कंत्राटी नोकरी लागली. वर्षभरानं हप्ता सुरू झाला. खोलीचं भाडं आणि हप्ता दिला की पगारातून बसचा पास उरायचा. तेव्हा वर्गातल्या एकानं सर्वमान्य तोडगा सांगितला : सर्टिफिकेट भाड्यानं द्यायचं. दुकानाला कायद्यासाठी भिंतीवर फार्मासिस्ट लागतो, काउंटरमागे लागतोच असं नाही. विश्रांतवाडीच्या एका दुकानात माझी फ्रेम लागली आणि दर महिन्याला जवळजवळ हप्त्याएवढे पैसे येऊ लागले. वर्गातले अर्धे लोक असेच कुठल्या ना कुठल्या भिंतीवर होते, त्यामुळे लाज वाटली नाही. काकांना मात्र सांगितलं नाही... म्हणजे थोडी वाटली असावी.

चौथ्या महिन्यात औषधांच्या एका होलसेलरनं काकांना विचारलं, “तुमचा भाडेकरू विश्रांतवाडीत बसतो का हो?” काका दुसऱ्या दिवशी पाटी लावून, दोन बस बदलून तिथे गेले. कुणाला काही न बोलता अर्धा तास काउंटरपाशी उभे राहिले. संध्याकाळी मला खाली बोलावलं.

“आज तू एका आजींना ब्लडप्रेशरची शंभरची गोळी दिलीस. चिठ्ठीत पन्नास होती.”

“काका, मी दिवसभर कंपनीत होतो.”

“तेच सांगतोय.”

मग म्हणाले, “‘पन्नासची संपलीये, अर्धी करून घ्या,’ असं तू त्यांना सांगितलंस. त्यांना दिसत नाही. मी पत्ता विचारून घेतला, घरी जाऊन दहा दिवसांच्या अर्ध्या करून दिल्या, मुलाला सांगून आलो. फोटोत बरा दिसतोस, बाकी.”

दुसऱ्या दिवशी मी फ्रेम काढून आणली. पुढचे दोन हप्ते थकले आणि बँकेचं पत्र जामीनदाराला आलं. मला वाटलं काका भरतील. माझी तशी मनातून तयारीही झाली होती. काकांनी एक रुपया दिला नाही. मला घेऊन बँकेत गेले आणि नव्या मॅनेजरना म्हणाले, “मी सही केलीये ती हा पळाला तर. हा पळालेला नाही, तुमच्यासमोर बसलाय. याला आपण किती जमेल ते विचारा.” मला म्हणाले, “पगाराची स्लिप दाखव. मान वर करून दाखव.” बँकेतल्या बाकावर आम्ही एकूण तीन सकाळी काढल्या. हप्ता कमी झाला आणि वर्षं वाढली. व्याज वाढलं ते वेगळं, त्याबद्दल काका म्हणाले, “ते तुझ्या सरळपणाचं भाडं.”

पुढे मी हिंजवडीच्या एका कंपनीत लागलो. औषधांनी लोकांना कुठे काय त्रास झाला त्याच्या नोंदी तपासायचं काम. कर्ज फिटल्याचा दाखला मिळाला तेव्हा पेढे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी दाखला वाचला. “आडनाव चुकलंय. बदलून आण, मग पेढा खातो.” आठ दिवसांनी त्यांनी तो खाल्ला.

तेराव्यानंतर काकूंनी मला दुकानात बोलावलं. काकांचं सर्टिफिकेट उतरवलेलं होतं. भिंतीवर खिळा आणि फिकट चौकोन. नवा फार्मासिस्ट दाखवला नाही तर दुकान बंद होणार होतं.

“तुझं लाव ना, प्रशांत,” काकू म्हणाल्या. “नुसतं लाव. सुनीता बघेल सगळं. तुला यायलाही नको. सगळीकडे चालतं म्हणे हे.”

म्हणजे विश्रांतवाडीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. एवढ्या वर्षांत काकांनी ती वरच्या मजल्यापर्यंतही नेली नव्हती. ज्या माणसानं माझ्यासाठी सही केली त्याच्या बायकोला मी ‘नाही’ म्हणालो. काकूंचा चेहरा पडला आणि मला तो बघवेना. मग सांगितलं की माझी शिफ्ट सकाळची असते. संध्याकाळी सहा ते नऊ मी स्वतः येऊन बसेन. तेवढंच दुकान चालेल.

“आणि बाकी दिवसभर?”

“साबण.”

काकूंनी काउंटरवरची पाटी सरळ केली. मग म्हणाल्या, “यांच्यासारखाच झालायस.” ही तक्रार होती. मी ती जपून ठेवली आहे.

अर्जात मी वेळ सहा ते नऊच लिहिली. मंजुरी परवा आली. काल सहाला पोचलो, तर दोन माणसं थांबलेली होती आणि सुनीताबाई त्यांना टूथपेस्ट दाखवत होत्या. माझी फ्रेम काकांच्या खिळ्यावर लावली. ती आकारानं लहान आहे, मागचा फिकट चौकोन चारही बाजूंनी दिसतो. मग काउंटरवरची पुठ्ठ्याची पाटी उचलून खणात ठेवली आणि काकांच्या स्टुलावर बसलो.