वास येतो, असं लिहून द्या

"ही वही आधी खारवून वाळत घाल. मग तपासतो."

सर असं म्हणाले आणि माझी निबंधाची वही त्यांनी कोपऱ्याला दोन बोटांत धरून उंच केली. मेलेला उंदीर धरतात तशी. वर्ग हसला. बाकं बडवून हसला. मला वाटलं, झालं, आता खाली ठेवतील. कसलं काय! मला खरोखरच व्हरांड्यात पाठवलं. कठड्यावर वही उघडून ठेवायला लावली, पानं उडू नयेत म्हणून वर चिऱ्याचा तुकडा. शाळा सुटेपर्यंत ती तिथेच. येणारा-जाणारा विचारायचा, ही वही कुणाची? आणि वर्गातलं कुणीतरी खिडकीतून माझं नाव सांगायचं.

मी नववीत होते. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. रत्नागिरीच्या बंदराजवळ आमची खोली. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आय बाजारात मासळी विकायची. आमच्या आळीतून हायस्कुलात जाणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक मी.

वहीला वास येत होता का? येत होता. कशाला खोटं बोलू? आय कोळंबी सोलत होती, तिच्याजवळ दिव्याचा उजेड होता, तिथेच बसून मी लिहिलं होतं. मधूनमधून हात लावायला लागायचा. तोच हात पुसून वहीवर. आमच्याकडे अभ्यासाची खोली नसते. एकच खोली, तिच्यातच सगळं.

निबंधाचा विषय होता 'समुद्रकिनारी एक संध्याकाळ'. सरांनी त्याचा नमुना आधीच फळ्याशी उभं राहून घालून दिला होता. प्रस्तावना, मध्य, समारोप. प्रस्तावनेत केशरी रंगाची उधळण, मध्यात लाटांचं संगीत, समारोपात निसर्ग हाच खरा गुरू. मधे एक सुभाषित. सगळ्यांनी पाठ करायचं आणि उतरवायचं. मला ते उतरवता येईना. समुद्र माझ्या दारात आणि संगीत काही मला ऐकू येईना. मग मी आपलं मला दिसलं ते लिहिलं. होड्या, बर्फाचा ट्रक, काकीचं भांडण, कुत्रे, बाबांचा भिजलेला सदरा, तारली मासळीचा भाव. सगळं एका पाटीत ओतलं.

आज सांगते, तो निबंध बरा नव्हता. धड सुरुवात नाही, धड शेवट नाही. सर हे म्हणाले असते ना, तर मी ऐकलं असतं. खाली मान घालून पुन्हा लिहिला असता. पण त्यांनी आत वाचलंच नाही. नाकानेच तपासला. मला तेव्हा नुसती लाज वाटली, राग आला नाही. घरी जाऊन मी साबणाने हात धुतले, लाल होईपर्यंत धुतले. त्या हात धुण्याचा मला आजही संताप येतो. चूक वहीची नव्हती, हाताची तर मुळीच नव्हती, आणि मी वेडी हातालाच शिक्षा देत बसले.

त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आयबरोबर बाजारात बसायला लागले. पहिल्याच दिवशी तिने मला वाटे लावायला सांगितले. वाटा म्हणजे गिऱ्हाइकासमोर मांडलेला मासळीचा लहानसा ढीग. मी आपली हाताला येईल ते उचलून मांडत सुटले. आयने माझ्या मनगटावर चापट मारली.

"अगो बाय, एका वाट्यात बांगडा नि मांदेली घालतंस? गिराईक हात तरी लावील काय?"

मग तिने सगळं पुन्हा पाटीत ओतलं आणि मला दाखवलं. आधी नुसतं बघायचं, काय काय आलंय. जे आज खपणार नाही, ते जीव तुटला तरी बाजूला काढायचं. मग जातीला जात लावायची. एका वाट्यात एकच मासळी. त्यातलाही ताजा, डोळा चकाकणारा मासा समोरच्या वाट्यावर, तोंड रस्त्याकडे, म्हणजे चालणारं माणूस थांबतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चांगला माल थोडा ओल्या गोणपाटाखाली राखून ठेवायचा. आयचं म्हणणं, शेवटच्या गिऱ्हाइकाला गाळ देऊ नये. शेवटी आलेलं माणूस घरी जाऊन तेवढंच आठवतं.

मी गोणपाटावर पाणी शिंपडत होते आणि माझा हात थांबला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अख्खं वर्ष सर प्रस्तावना-मध्य-समारोप ओरडत होते, पण ते कशासाठी असतं हे मला एका अक्षरानेही कळलं नव्हतं. माझ्या अंगठेबहाद्दर आयने ते दोन मिनिटांत दाखवलं. माझ्या मालात खोट नव्हती. मी वाटे लावले नव्हते, इतकंच. आणि त्याच क्षणी राग आला. सहा महिने उशिरा, पण असा आला की कान तापले. या माणसाला वाटे लावायला शिकवायचा पगार मिळत होता आणि त्याने माझी पाटीच रस्त्यावर फेकली होती.

दहावीला तेच सर होते. सहामाहीच्या आधी त्यांनी सांगितलं, मराठीत जे नापास होतील त्यांचा बोर्डाचा फॉर्म शाळा भरणार नाही. शाळेचा निकाल खाली येता कामा नये. फॉर्म अडला की आमच्यासारखीची शाळा संपली, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि माझ्या आयला तर फारच माहीत होतं.

पेपरात विषय तोच. समुद्रकिनारी एक संध्याकाळ. पंधरा मार्क.

मी लगेच लिहायला घेतलं नाही. पेपराच्या मागच्या पानावर पेन्सिलीने जे जे आठवलं ते टाकलं. बर्फाचा ट्रक काढला. काकीचं भांडण काढलं, जड गेलं, फार मजेशीर भांडण होतं ते. कुत्रे काढले. उरलं त्याचे तीन वाटे केले. वाट बघणाऱ्या बाया, होडीचा आवाज, आणि उतरणारी माणसं. सुरुवातीला ठेवला तो सगळ्यात ताजा मासा: 'संध्याकाळी आमच्या बंदरावर सूर्याला शिव्या पडतात.' कारण तेच खरं आहे. सूर्य खाली आला की डोळ्यांवर येतो, होड्या दिसत नाहीत. बाया कपाळाला हात धरून उभ्या राहतात आणि एकेक शिवी हासडतात, बुड की मेल्या एकदाचा. मग पुढे लिहिलं, आय इंजिनाच्या आवाजावरून बाबांची होडी कशी ओळखते. आणि शेवटासाठी राखून ठेवलेलं वाक्य: 'जिची होडी सगळ्यात शेवटी येते, त्या बाईला विचारा सूर्य कधी बुडाला, तिला सांगता येणार नाही.'

पंधरापैकी दोन. मराठीत नापास. बाकीचा पेपर बरा होता, निबंधाने बुडवलं.

सरांनी आयला बोलावून घेतलं. ती बाजारातून तशीच आली. पाटी फाटकाबाहेर ठेवायला लावली शिपायाने. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिला बस म्हणून कुणी म्हटलं नाही. सर आयला म्हणाले, मुलगी हट्टी आहे. मी अजूनही तिचं भलं बघतोय. इथे बसून पाठ केलेला निबंध लिहू दे, मी तो पेपराला जोडतो, मार्क वाढवतो, फॉर्म जाईल. असं म्हणून त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

आयने विचारलं, हिने लिहिलंय तरी काय? सर म्हणाले, त्यात ऐकण्यासारखं काही नाही, सगळा मासळीबाजार आहे. मी टेबलावरचा माझा पेपर उचलला आणि वाचून दाखवला. पहिल्या वाक्याला आयच्या ओठाचा कोपरा हलला. शेवटच्या वाक्याला तिने पदर तोंडाला लावला. शेवटच्या होडीची ती बाई म्हणजे आपणच, हे तिला कळलं होतं. पण मग तिने त्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"लिव गो बाय. चार वळी लिवून तुझं काय जातंय?"

हे सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ती घाबरली होती. तिच्यासाठी मी लिहिला असता तो कागद, पेन हातातही घेतलं. पहिले शब्द आठवले, केशरी रंगाची उधळण. आणि मला कठड्यावर दगडाखाली ठेवलेली ती वही दिसली.

मी पेन खाली ठेवलं.

"दोन मार्क राहू देत, सर. पण दोनच का, ते पेपरावर लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"वास येतो, असं लिहून द्या. आणि खाली सही करा."

सरांनी लाल पेन उचललं. टोपण काढलं. मला वाटलं, आता काहीतरी लिहितात. व्याकरण चुकलं म्हणून लिहा, मुद्दे सुटले म्हणून लिहा, काहीही लिहा. पेन कागदावर टेकलंसुद्धा. वर्षानुवर्षं निबंध शिकवणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. टोपण पुन्हा लागलं. चालती हो, म्हणाले. मी पेपर उचलला आणि चालू लागले.

फॉर्म गेला नाही. आय माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने माझ्या डोक्यावर पाटी दिली, आणि वर्षभर मी बाजारात बसले. पुढच्या साली सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा असतो तो. मी स्वतः भरला, माझ्या हाताने, मासळीच्या हाताने. पास झाले की नापास, ते विचारू नका. पास झाले असते तर माझं खरं आणि नापास झाले असते तर सरांचं खरं, असा हिशोब मला मान्य नाही.

तो सहामाहीचा पेपर माझ्याकडे आहे. समासात लाल दोन, आणि त्याच्या शेजारी पेन टेकल्याचा एक ठिपका. पुढे काही नाही.

त्यानंतर मी खूप लिहिलं. अर्ज लिहिले, तक्रारी लिहिल्या, आळीतल्या बायांची पत्रं लिहिली, आता हे लिहितेय. वाटे लावूनच लिहिते. यात कुठे मांडणी चुकली असेल तर दाखवा, मी पाटी पुन्हा ओतून पहिल्यापासून लावीन. पण नाक मुरडणार असाल तर हे घ्या पेन. लिहा, सही करा. तोवर यातला एक शब्द मी हलवणार नाही.