सुमनबाईला मी कॉम्प्युटर शिकवला

तुम्ही माझ्या क्लासला कधी आला असाल तर मी तुम्हाला चांगली बाई वाटले असेन. सगळ्यांनाच वाटते. म्हणूनच आता जे सांगणार आहे ते आजवर कोणाला सांगितलं नाही — अब्बांना नाही, नवऱ्यालाही नाही. नवरा तर म्हणतो, शाहीन, तुझ्या पोटात काही राहत नाही. राहते. हे तेवढं राहिलं.

आधी क्लासचंच सांगते, मूळ गोष्टीकडं यायला मला जरा वेळ लागेल. भद्रावतीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, जिथं अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, तिथं मी कॉम्प्युटर शिकवते. येणारे सगळे साधे लोक — कॉलनीतल्या बाया, किराणावाले, मास्तर. एका मास्तरांनी तर कमाल केली. पोरांचे मार्क कॉम्प्युटरवर एकाखाली एक छान मांडायचे, मग खिशातून कॅल्क्युलेटर काढून त्यांची बेरीज करायचे, आणि आलेलं उत्तर परत कॉम्प्युटरवर टाइप करायचे! मी म्हटलं, सर, दारात बैलजोडी असून वखर स्वतःच ओढून राह्यले काऊन? मास्तर हसले. बेरीजही हेच यंत्र करते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यानं मशीन विकलं त्यानं चालू-बंद करणं दाखवलं आणि तो निघून गेला.

म्हणून मी सगळ्यांना सांगते — पहिल्यांदा ज्यानं शिकवलं त्याच्यापाशी थांबू नका. पडद्याच्या वरच्या पट्टीतला एकेक शब्द उघडून पाहा. तेच ते काम पुन्हा करताना हात दुखायला लागले की थांबा आणि विचारा, हे याच्याकडून करून घेता येते का? मशीन काही चावत नाही. लोकांना हे फार आवडते. मॅडम किती जीव तोडून शिकवतात, म्हणतात. मी ऐकून घेते. काय करणार?

हे शहाणपण मला कुठून आलं, ते मात्र कोणी विचारत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चंद्रपूरला एका संस्थेच्या ऑफिसात इंग्रजी टायपिंगला लागले होते. नाव कशाला घेऊ, संस्थेचा यात दोष नाही. रोज एसटीनं जाणं-येणं. तिथं सुमनबाई टायपिस्ट होती. मूल तालुक्यातल्या एका गावची, ढिवराच्या घरची. नवरा तलावात मासे धरायचा, शिंगाड्याच्या दिवसांत शिंगाडे काढायचा. त्या गावातून ऑफिसात जाणारी ती एकटीच बाई, आणि त्याचा अभिमान ती बिलकुल लपवत नसे. आठवडाभर चंद्रपुरात भावाकडं राहायची. लहान पोरगी गावी, सासूपाशी. सोमवारी येताना उकडलेले शिंगाडे आणायची आणि अर्धे माझ्या डब्यात घालायची. खाय माय, म्हणायची, वाळून चालली तू. मराठी टाइपरायटरवर तिचा हात असा चालायचा की बाहेर बाकावर बसलेले लोक वाकून पाहायचे.

मग कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, पडद्याच्या चौकटीला कुंकवाचं बोट लागलं, त्या खोलीत चपला घालून जायचं नाही असं ठरलं. आणि सचिवांनी सांगितलं — टाइपरायटर आता बंद. मशीन एक, तेव्हा तुम्हा दोघींपैकी राहील एकच. दोन महिन्यांनी पाहू कोणाला जमते ते.

मी कोर्स केलेला होता. तिनं नाही. मग भ्यायचं कोणी, तिनं की मी? भ्याले मी. त्या कॉम्प्युटरवरची मराठी अक्षरं टाइपरायटरच्याच जागांवर होती ना! ती पहिल्यांदा बसली, दोन ओळी टाइप केल्या आणि लहान पोरीसारखी हसली — ‘अरे बाप्पा, हे तं आपलंच हाये वं!’ माझा कोर्स सगळा इंग्रजीतला. मी अजून एकेक अक्षर शोधत होते.

ती म्हणाली, मले शिकव. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, ती दुसऱ्या कोणाकडं गेली असती. पण मी हो म्हटलं, आणि रोज जेवणाच्या सुटीत शिकवलंही. मशीन चालू करणं शिकवलं. टाइप करणं तिला येतच होतं. छापणं शिकवलं, बंद करणं शिकवलं. बस.

केलेलं काम मशीनमध्ये ठेवता येते — हे नाही शिकवलं. छापलेल्या पानात चूक निघाली तर तेवढाच शब्द बदलून पुन्हा छापता येते, हेही नाही. उलट — सांगू? — उलट मी तिला सांगितलं की पान छापलं की आतून पुसलं जाते बाई, चुकलं तर नव्यानं टाइप करायचं. तिला पटलं. का नाही पटणार? इतकी वर्षं टाइपरायटरवर तसंच तर केलं होतं. मला फार खोटं बोलावंही लागलं नाही, तिला जे आधीच माहीत होतं तेच मी खरं म्हणून सांगितलं.

एकदा तिनं पडद्याच्या वरच्या पट्टीकडं बोट दाखवून विचारलं, हे एवढे शब्द कायचे वं, अजून काय काय करते हे? मी म्हटलं, ते इंजिनिअर लोकांचे आहेत, तिथं हात लागला की मशीन बिघडते आणि मग ते आपल्या गळ्यात येते. तव्याला लागल्यासारखं तिनं बोट मागं घेतलं. त्यानंतर ती माउस धरायलाही कचरायची. मी पाहत होते. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत तसंच शिकवलं.

मग परीक्षेचा दिवस आला. सभेची एक पानाची सूचना होती, दोघींनी आळीपाळीनं टाइप करायची. आधी सुमनबाई बसली. एकही चूक नाही, आणि इतक्या लवकर की सचिव माझ्याकडं पाहून म्हणाले, शाहीन, आता तुझी गंमत आहे! मग ते तिला म्हणाले, बाई, सभा सोमवारऐवजी गुरुवारी करा, आणि वर एकेका शाखेचं नाव घालून सगळ्या शाखांची पानं काढा.

सुमनबाईनं मान हलवली, पदर खोचला, आणि पान पुन्हा पहिल्या शब्दापासून टाइप करायला घेतलं.

ते छापलं. मग दुसऱ्या शाखेचं, परत पहिल्या शब्दापासून. आधी कोणाला कळेना ही करते काय. मग कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. सचिवही हसले — अहो बाई, टाइपरायटर नाही तो! तिला काय चुकलं ते समजेना. घामानं डबडबली होती, पण बोटं थांबवली नाहीत. शेवटी तिला उठवून मला बसवलं. माझी सूचना हळू झाली, दोनदा चुकलीही. पण नंतर मी सोमवार पुसून गुरुवार केला, वरचं नाव बदलत गेले, आणि मागवलेला चहा यायच्या आत सगळी पानं निघाली. सुमनबाई माझ्या मागं उभी होती. आता ओरडेल, म्हटलं. हे मले काऊन नाई सांगतलं, म्हणून सगळ्यांसमोर विचारेल. विचारायलाच पाहिजे होतं.

ती सचिवांना म्हणाली, ‘पान पुसू न द्यायची युक्ती शाहीननं सांगतली असन जी. माह्याच ध्यानात नाई राह्यलं.’

तिला खरंच तसं वाटलं? की ती मला वाचवत होती? मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं — वाचवत होती. म्हणजे तिला कळलं होतं, आणि कळून तिनं सोडून दिलं होतं. असं समजलं की झोप बरी लागते. महिनाअखेर ती गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जपून राह्य, म्हणाली. जागा मला मिळाली. काही वर्षं नोकरी केली, मग लग्न झालं, मग हा क्लास.

मागच्या उन्हाळ्यात मूलच्या बसस्टँडवर ती भेटली. मी ओळखलंच नाही, तिनंच हाक मारली. काळवंडली होती. रोजीनं जातो, म्हणाली, धान रोवायले, कधी रस्त्याच्या कामावर. सोबत ती पोरगी होती, वैशाली, आता बारावी झालेली. मी कॉम्प्युटर शिकवते म्हटल्याबरोबर पोरीचे डोळे मोठे झाले. तालुक्याला फुकट शिकवून राह्यले, तिनं सांगितलं, मैत्रिणी चालल्या, आई जाऊ देत नाही.

‘आपल्या घरच्यायले नाई जमत ते,’ सुमनबाई म्हणाली. ‘म्या नाई करून पाह्यलं? एवढी जीव लावून शिकवणारी शाहीन होती, तरी माह्या डोक्यात नाई शिरलं. सगळे हासले. पोरीले काऊन तिथी पाठवू?’ मग माझ्याकडं वळली — ‘तूच सांग न वं इले.’

म्हणजे तिला काहीच कळलं नव्हतं. इतकी वर्षं ती स्वतःलाच मठ्ठ समजत होती.

पोरगी माझ्या तोंडाकडं पाहत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आणि खरं सांगायची हिंमत नव्हती तर नुसतं ‘जाऊ द्या हो तिला’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यानं सुमनबाईनं ऐकलं असतं, माझा शब्द ती पाडत नसे. पण पोरगी शिकायला गेली असती तर पहिल्याच आठवड्यात तिला समजलं असतं की पान छापल्यानं पुसलंच जात नाही, वाचवायची युक्ती लागतच नाही. आणि घरी जाऊन तिनं ते आईला सांगितलं असतं.

मी म्हटलं, ‘सगळ्यांनाच जमते असं नाही, पोरी. आईचं ऐक.’

वैशालीनं मान हलवली. चंद्रपूरची बस लागली, आणि मी चढले.