पेशीतल्या पिशव्या

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माशांची पोटं काढणं. तळ्यावरून सकाळीच आणलेले रोहू होते. बाजूला बसून नात विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. पेशीत लयकारिका नावाच्या बारीक पिशव्या असतात. पेशी जिवंत असते तोवर त्या आतला कचरा पचवतात. पेशी मेली की त्या फुटतात आणि आपल्याच पेशीला खाऊन टाकतात.

"म्हणून तं आधी पोट काढा लागते," मी म्हणालो. "मेलेला मासा आतूनच सडते."

बायको हसली. "बुडा चवथी नापास, अन् मास्तरकी करून राह्यला!"

दुपारी भांडी घासता घासता ती छातीला हात लावून खाली बसली. दवाखान्याची गाडी येईपर्यंत संपली होती.

नातीची आई, म्हणजे आमची मुलगी, तेलंगणात मिरची तोडायला गेलेली. फोनवर रडत म्हणाली, "बाबा, मायचं तोंड पाहू द्या मले. उद्या दुपारपर्यंत पोचते." मी हो म्हणालो.

होळी होऊन गेली होती. पत्र्याखाली नुसती भट्टी. माशाच्या पेटीतला बर्फ फोडून मी तिच्या अंगाखाली घातला. शेजारीण म्हणाली, "भाऊ, बाईले मासोळीवानी काऊन ठेवता?"

"मले तेवढंच येते," मी म्हणालो.

गावात तेवढाच बर्फ होता. उजाडलं तेव्हा त्याचं पाणी झालेलं. पोट फुगलं होतं. मी तिची पापणी उचलली. मासा ताजा की शिळा, हे मी बाजारात डोळा बघूनच ओळखत आलो. बायकोच्या बाबतीत असं करायला नको होतं, पण हात गेला. डोळा दुधाळ झाला होता.

नात मागंच उभी होती. "आबाजी, त्या पिशव्या फुटल्या का?"

"फुटल्या."

दुपारपर्यंत काय होईल ते मला ठाऊक होतं. मुलीनं आईचं तोंड पाहिलं असतं. पण मग जन्मभर तिला तेच दिसलं असतं.

मी फोन लावला. ती बसमध्ये होती.

"मायले आताच नेतो. थांबत नाई."

"बाबा, तुम्ही हो म्हणले होते!"

"म्हणलो होतो."

ती ओरडत राहिली. मी फोन नातीच्या हातात दिला आणि तिरडीसाठी बांबू फाडायला बसलो.