एक्स्चेंजच्या ओट्यावरची पाटी

साक्रीकडच्या आमच्या खेड्यात टेलिफोन नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा टेलिफोनला हात लावला तो नोकरीच्या पहिल्या दिवशी, आणि तोही एकाला नाही, अख्ख्या गावाच्या टेलिफोनांना. समोर लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा. कुणी फोन उचलून हँडल फिरवलं की त्याच्या नंबरावरची चकती खट्कन खाली पडायची. आपण तिथे वायर खोचायची आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." हे दोन शब्द मी आठवडाभर आरशासमोर घोकले होते.

साठचं दशक सरत आलं होतं. धुळ्याला मॅट्रिक होऊन मी ऑपरेटर म्हणून लागले आणि नेमणूक झाली ती जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गाव कापसाच्या बाजाराचं. वडील नव्हते, आईला घेऊन गेले. पण खोली मिळेना. "मुलगी रात्रपाळीची नोकरी करते? मग नको," असं तीन घरी ऐकलं. शेवटी एका कापसाच्या व्यापाऱ्याने माडीवरची खोली दिली. घराणं मूळ राजस्थानचं, पण त्यांच्या तीन पिढ्या इथेच गेलेल्या. शेठ मला बेटी म्हणत. काकी रोज वाटीभर ताक पाठवत, आईला ताप आला तेव्हा डॉक्टर त्यांनीच बोलावला. आमच्यासाठी ती माणसं देवासारखी होती, हे आजही मी म्हणेन.

बाहेरगावी बोलायला आमच्याकडे दोनच लाइनी, दोन्ही जळगावमार्गे. ट्रंक कॉल आधी नोंदवायचा, मग आपली पाळी यायची वाट बघायची. कापसाच्या दिवसांत सकाळी नोंदणीचा ढीग पडायचा, कारण अकराला मार्केटात लिलाव सुरू होई. त्याआधी ज्याला मुंबईचा भाव कळे, तो त्या दिवसाचा राजा. शेतकऱ्याच्या गाडीवर किती बोली लावायची ते त्याला ठाऊक, शेतकऱ्याला मात्र काहीच ठाऊक नसे.

एका सकाळी शेठचा आवाज कानात आला, "बेटी, जरा आपला कॉल आधी लावून दे ना." मी त्यांच्या नोंदणीची नववी चिठ्ठी काढली आणि पहिली केली. एवढंच. कुणी पाकीट दिलं नाही, मी मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगावंही लागलं नाही.

आम्ही तिघी ऑपरेटर होतो. सगळ्यांत ज्येष्ठ बाई, त्यांना सगळे अक्का म्हणत, आणि माझ्याच वयाची आणखी एक. तिच्या भावाला एका जिनिंगवाल्याने, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या मालकाने, कामाला लावलं होतं. तिच्या पाळीत त्या जिनिंगवाल्याचा कॉल पुढे जाई. आम्ही एकमेकींशी यावर कधी बोललो नाही.

तक्रारी गेल्या आणि नाशिकहून नवे साहेब आले. उंच, किडकिडे, रुमालाने चष्मा पुसत राहणारे. त्यांनी भिंतीवर नियम चिकटवले. मध्येच हेडफोन लावून आमचं बोलणं ऐकू लागले. चिठ्ठ्यांवर वेळ लिहायला लावली. आम्ही भ्यायलो, पण सुधारलो नाही. शेठ आता बोलत नसत. हँडल दोनदा तुटक फिरवत, चकती दोनदा पडे आणि मी समजून जाई. साहेबांचा पहारा जितका कडक झाला, तितकी मी सफाईदार झाले. ही गोष्ट लिहितानाही मला लाज वाटते.

मग तो माणूस आला. पन्नाशीचा शेतकरी, डोक्याला मळकं पागोटं. गाडी मार्केटात सोडून सकाळीच एक्स्चेंजला आला होता. जळगावला त्याचा साडू एका जिनमध्ये होता, त्याला भाव विचारायचा होता. चिठ्ठी पाचवी होती. ओट्यावर उकिडवा बसून राहिला. मी आधी शेठचा कॉल लावला. तो लांबला. मग लाइन गेली. लिलावाची वेळ झाली तसा तो उठून मार्केटात गेला. त्याचा जळगाव लागला तेव्हा बारा वाजून गेले होते आणि तो रिकामी गाडी घेऊन परतीच्या वाटेवर आमच्या दारात उभा होता. बूथमध्ये दोन मिनिटं बोलला. बाहेर आला आणि खिडकीतून मला म्हणाला, "बाई, आते भाव समजीसन काय करू? बठ्ठा कापूस ते इकाई गया."

सगळा कापूस विकला गेला होता, तरी रागावला नाही. चिडून दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. मी हळूच विचारलं, "कुणी घेतला, भाऊ?" त्याने माझ्याच घरमालकांचं नाव सांगितलं.

माझ्या आईचे भाऊ अशाच गाड्या घेऊन बाजाराला जात.

मी अक्कांना सगळं सांगितलं. वाटलं, त्या हादरतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे गं. मीही कुणासाठी तरी केलंच आहे. चल साहेबांकडे."

साहेबांसमोर मी उभी राहिले तेव्हा नोकरी गेलीच असं धरून चालले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मी इतका ऐकत बसलो होतो, तरी?"

"साहेब, तुम्ही आत ऐकता," मी म्हटलं. "पण मला कॉल पुढे घ्यायला लावणारं कुणी आत नसतं. पाळी संपली की मी शेठचाच जिना चढून घरी जाते. तिथे तुमचा नियम येत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातलाच नाही. म्हणाले, "म्हणजे मी चुकीच्या बाजूला पहारा देत होतो." माझ्या नोकरीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

पाटीची कल्पना अक्कांची. कोण कुणाला फोन करतो हे गुपित ठेवणं आमचं कर्तव्य, म्हणून नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही. नोंदणी करणाऱ्याला फक्त त्याचा नंबर सांगायचा, आणि लाइनवर सध्या कितवा नंबर आहे ते बाहेर ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं, शाळेच्या पाटीवर लिहायचं. अर्जंटचे जादा पैसे भरणाऱ्यांची रांग वेगळी, तीही तिथेच लिहिलेली. साहेबांनी स्वतः शिपायाबरोबर जाऊन पाटी आणली आणि भिंतीत खिळा ठोकला.

पहिल्या सकाळी चकती दोनदा पडली. मी वायर खोचली आणि मोठ्याने, खिडकीबाहेर जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेठजी, तुमचा नंबर अकरा. आता चार चालू आहे. पाटी बाहेर लावली आहे."

पलीकडून फक्त फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी ताकाची वाटी आली नाही. आईने काही न विचारता ट्रंकेत भांडी भरायला घेतली. "आपण धुळ्याला तुझ्या मावशीकडे जाऊ," म्हणाली. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः जिना चढून वर आले. मी दारातच म्हटलं, "शेठजी, महिनाअखेर खोली सोडतो."

"खोलीचं कोण बोलतंय?" ते म्हणाले. दाराला टेकून उभे राहिले. "बेटी, खरं सांग. या पाटीच्या आधी, तू पाळीवर नसायचीस तेव्हा, तो जिनिंगवाला माझ्या पुढे जायचा का?"

मी मान खाली घातली. त्यातून त्यांना हवं ते कळलं.

"मी समजत होतो, मीच हुशार," शेठ म्हणाले आणि हसले. मनापासून हसले. "राहू दे ती पाटी. उद्यापासून माझा मुनीम ओट्यावर बसेल. बघू कोण मध्ये घुसतो."

आणि तसंच झालं. सगळ्याच पेढ्यांची माणसं ओट्यावर बसू लागली. प्रत्येकाला आपला नंबर पाठ, शेजाऱ्याचाही पाठ. एकदा शिपाई आकडा बदलायला विसरला तर बाहेरून आठ-दहा जणांचा एकदम ओरडा: "सहा झाला! सात लावा!" साहेब खुर्चीत बसून खो खो हसले, त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी ऐकायचा हेडफोन कपाटात ठेवून दिला. दवाखान्याचा कॉल रांग मोडून आधी लावायचा असला की मी खिडकीतून फक्त "दवाखाना" म्हणे, आणि सगळे माना हलवत.

आता भाव आधी आपल्यालाच कळेल असा कुणालाच भरवसा उरला नाही, तेव्हा व्यापाऱ्यांनीच ठरवलं की मुंबईचा भाव आला की मार्केटात फळ्यावर लिहायचा आणि मगच बोली सुरू करायची. त्यांनी ते भलेपणाने केलं की शेजाऱ्यावर विश्वास नव्हता म्हणून, मला माहीत नाही. फळा मात्र लागला. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी अक्कांना घेऊन मुद्दाम मार्केटावरून गेले. फळ्यासमोर शेतकऱ्यांची ही गर्दी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाकीचे ओरडून भाव सांगत होते. मी सायकलींच्या गर्दीत उभी राहून रडले, आणि अक्का माझ्या पाठीवर थापट्या मारत म्हणाल्या, "अगं वेडे, आज कशाला रडतेस!"

हंगाम संपत आला असताना एका सकाळी जीप येऊन थांबली. तालुक्यातले मोठे पुढारी. खादीचे कपडे, मागे चार माणसं. खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, मुंबई लावा. लगेच."

महिन्यापूर्वीची मी असते तर वायर आधी खोचली असती आणि मग नमस्कार केला असता. मी तोंड उघडणार तोच ओट्यावरून आवाज आला. आमच्या शेठचा; त्या दिवशी मुनीमाऐवजी ते स्वतः येऊन बसले होते.

"नंबर घ्या, भाऊ. इथे बठ्ठ्यांना एकच पाटी."

पुढाऱ्यांनी वळून पाहिलं. ओट्यावर पंधरा-वीस माणसं, सगळी त्यांच्याकडे बघत होती. कुणी हसत नव्हतं, कुणी उठतही नव्हतं. एका शेतकऱ्याने सरकून ओट्यावरच्या बाकावर जागा केली. पुढाऱ्यांनी टोपी सारखी केली आणि मला विचारलं, "कितवा?"

"चौदा," मी म्हटलं.

ते जाऊन बाकावर बसले. मी वायर उचलली, नवव्या नंबरवाल्याला हाक मारली आणि त्याला धुळे लावून दिलं.